सँडोच्या वजनांपासून सूर्यनमस्कारांपर्यंत : औंधच्या राजाची व्यायामसाधना

सिल्वासा परिसरातील कारखान्यात पाळी संपवून सायंकाळी व्यायामशाळेची वाट धरणारा तरुण असो, की पन्नाशीत डॉक्टरांच्या सल्ल्यावरून प्रथमच डंबेल हाती घेणारा गृहस्थ असो, नवशिक्यापुढील प्रश्न सारखेच असतात. आरंभ किती वजनाने करावा, ते केव्हा वाढवावे, शिकवणारा नसेल तर काय करावे आणि महागडी साधने परवडत नसतील तर हा मार्ग आपल्यासाठी बंदच समजावा काय? सव्वाशे वर्षांपूर्वी सातारा भागातील एका राजपुत्राने हेच प्रश्न स्वतःच्या शरीरावर सोडवून पाहिले. भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे त्यांचे नाव. सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत, परंतु त्यापूर्वी तब्बल दहा वर्षे ते वजनांचे निष्ठावंत साधक होते, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात परशुराम त्र्यंबक यांना प्रतिनिधिपद मिळाले. त्यांचे हे घराणे यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या औंध येथून एका छोट्या संस्थानाचा कारभार पाहत असे. बाळासाहेबांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतली. चित्रकलेची ओढ आणि कीर्तनाची गोडी या दोन्ही गोष्टी त्यांनी आयुष्यभर जपल्या. ज्या वातावरणात ते वाढले, तेथे व्यायाम ही नवलाई नव्हती. तालमीत जोर-बैठका होत्या, मल्लखांब होता, हातात फिरवायच्या जोड्या होत्या आणि बळाची परीक्षा पाहण्यासाठी दगडी नाल व गोटीही होती. मात्र हे ज्ञान वस्तादाच्या तोंडी असे. जो तालमीत जाईल आणि वस्तादाचा पट्ट होईल, त्यालाच ते लाभे.

याच सुमारास युरोपात यूजेन सँडो या मल्लाचे नाव गाजू लागले होते. १८६७ साली कोनिग्सबर्ग येथे जन्मलेला सँडो बाळासाहेबांहून दीड वर्षाने मोठा होता. रंगमंचावर प्रचंड वजने उचलून तो प्रसिद्धीस आला, परंतु त्याची खरी कामगिरी निराळीच होती. बळ ही काही निवडक माणसांना जन्मतः मिळालेली देणगी नसून पद्धतशीर अभ्यासाने ते कोणासही कमावता येते, हे त्याने सामान्य माणसाला पटवून दिले. १८९७ साली त्याचे बळसंवर्धनावरील पुस्तक निघाले. त्यात हलक्या डंबेल्सचे व्यायाम क्रमाने मांडलेले होते आणि वयोमानानुसार प्रत्येक व्यायाम किती वेळा करावा, संख्या कशी वाढवावी याची कोष्टके दिलेली होती. वस्तादाविना घरच्या घरी आरंभ करण्याची सोय या पुस्तकाने प्रथमच इतक्या व्यापक प्रमाणावर करून दिली.

त्याच वर्षी, तिशीच्या उंबरठ्यावर असताना, बाळासाहेबांनी सँडोची सारी साधने व पुस्तके विकत घेतली. पुढील दहा वर्षे त्यांनी त्या सूचनांबरहुकूम नियमाने व्यायाम केला. या पद्धतीचा गाभा आजच्या नवशिक्यालाही उपयोगी पडेल असाच आहे. पहिल्या दिवशी झेपेल त्याहून कमी वजन घ्यावयाचे. हालचाल सावकाश आणि पूर्ण करावयाची. ज्या स्नायूचा व्यायाम चालू आहे, त्याच्यावरच चित्त ठेवावयाचे. ठरलेली संख्या सहज होऊ लागली, म्हणजेच ती वाढवावयाची. आजचे शरीरशास्त्र याच क्रमाचे कारण सांगते. पहिल्या काही आठवड्यांत जे बळ वाढलेले जाणवते, ते प्रामुख्याने मज्जासंस्था स्नायूंना अधिक नेमकेपणाने कामास लावू लागल्यामुळे. स्नायू प्रत्यक्ष भरण्यास त्याहून अधिक काळ लागतो. स्नायूबंध आणि सांधे यांची जुळवणी तर आणखी मंद असते. म्हणूनच घाईने वजन वाढवणाऱ्याचे दंड तयार दिसतात, पण खांदा किंवा कंबर दुखावते. विश्रांती आणि पोटभर सकस आहार यांवाचून ही वाढ होत नाही, हेही तितकेच खरे.

सँडो १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन गेला आणि येथील शिक्षित तरुणांत त्याच्या पद्धतीचे वारे पसरले. बाळासाहेब मात्र तोवर या मार्गावरील जुने प्रवासी झाले होते. १९०८ साली मिरजेचे अधिपती गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन यांच्या सूचनेवरून त्यांनी सूर्यनमस्कारांचा पद्धतशीर अभ्यास आरंभला आणि पुढे तोच त्यांचा आयुष्यभराचा व्यायाम ठरला. सूर्यनमस्कार महाराष्ट्रास नवे नव्हते. अनेक घरांत ते उपासनेचा भाग म्हणून घातले जात. बाळासाहेबांनी त्यांस व्यायामशास्त्राची शिस्त दिली. दहा स्थितींचा ठरलेला क्रम, प्रत्येक स्थितीतील श्वासाचे नियमन, मंत्रोच्चार आणि हळूहळू वाढत जाणारी संख्या अशी त्यांची मांडणी होती. येथे उचलावयाचे वजन म्हणजे माणसाचा स्वतःचाच देह. थोड्यापासून आरंभ, नियमितपणा आणि क्रमशः वाढ ही तत्त्वे दहा वर्षांच्या वजनसाधनेत त्यांच्या अंगवळणी पडलेलीच होती.

हा बदल केवळ व्यक्तिगत आवडीचा राहिला नाही. १९०९ साली बाळासाहेब औंधच्या गादीवर आले आणि बहात्तर गावांच्या, विखुरलेल्या, बहुतांशी दुष्काळी मुलखाची जबाबदारी त्यांच्यावर आली. आटपाडीच्या माळावरील शेतकऱ्याच्या पोराला विलायती साधने कोठून मिळणार? घोंगडीएवढी जागा मात्र प्रत्येकाजवळ होती. संस्थानातील शाळांमधून त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले. राजवाड्यातही तोच नेम होता. राणीसाहेबही नमस्कार घालीत. स्त्रियांनी व्यायाम करणे अनेकांना रुचत नव्हते, अशा काळातील ही गोष्ट आहे. त्यांनी या विषयावर पुस्तके लिहिली, आणि १९३८ साली लंडनमध्ये पत्रकार लुईस मॉर्गन यांच्या संपादनाखाली त्यांच्या पद्धतीवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. ज्या नगरीतून सँडोची पुस्तके जगभर गेली, त्याच नगरीतून चार दशकांनी औंधचा व्यायाम जगापुढे आला.

व्यायामाबाहेरही या राजाचे कर्तृत्व थोर होते. १९१० साली बेळगावातून विस्थापित झालेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कुंडलजवळ जागा दिली व तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९१६ साली त्यांचे चित्ररामायण प्रसिद्ध झाले. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. औंधच्या टेकडीवरील वस्तुसंग्रहालयात आपली चित्रे व शिल्पे त्यांनी लोकांसाठी खुली केली. ज्यांच्या गीतरामायणाने पुढे महाराष्ट्राला वेड लावले, ते ग. दि. माडगूळकर औंधच्या शाळेचेच विद्यार्थी. त्या गीतांना स्वर देणारे सुधीर फडके हे १९५४ च्या दादरा व नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामातील एक सैनिक. हवेलीच्या वाचकाला औंधशी जोडणारा हा एक नाजूक धागा आहे.

१९३९ साली बाळासाहेबांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने, पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रिडमन यांच्या सहकार्याने, राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला. गावोगावी पंचायती आल्या. आटपाडीनजीक स्वतंत्रपूर ही भिंतींवाचून असलेली कैद्यांची वसाहत त्याच वर्षी सुरू झाली. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, बाळासाहेबांनी देह ठेवला.

त्यांच्या साधनेतून वजने त्याज्य ठरत नाहीत. शास्त्रशुद्ध वजनव्यायामाचे लाभ आज सर्वमान्य आहेत, विशेषतः उतारवयात हाडे व स्नायू राखण्यासाठी. बाळासाहेबांचे मोठेपण दुसऱ्याच गोष्टीत आहे. त्यांनी दहा वर्षे एक मार्ग प्रामाणिकपणे आचरला. त्याहून सर्वांना साधेल असा मार्ग दिसताच, जुन्याचा अभिमान न धरता तो स्वीकारला. स्वतः पुरते कमावलेले बळ त्यांना पुरेसे वाटले नाही. रिकाम्या हातांच्या माणसालाही ते कमावता यावे, यासाठी त्यांनी उरलेले आयुष्य वेचले. राज्याच्या बाबतीतही अखेरीस त्यांनी हेच केले.