अडॉल्फ सॅक्स : वाद्यवृंदाच्या दाराशी थांबलेल्या वाद्याचा जनक

सॅक्सोफोन म्हटले की जॅझ संगीत आणि हिंदी चित्रपटगीते आठवतात. मात्र हे वाद्य ज्याने घडविले, त्या अडॉल्फ सॅक्सच्या मनात होता तो अभिजात पाश्चात्त्य वाद्यवृंद. तेथे या वाद्याला कायमची खुर्ची मिळावी यासाठी तो आयुष्यभर झगडला.

आज बेल्जियममध्ये असलेल्या, म्यूज नदीकाठच्या दिनाँ या गावी 6 नोव्हेंबर 1814 रोजी अडॉल्फ सॅक्सचा जन्म झाला. अंत्वान-जोसेफ हे त्याचे मूळ नाव. दिनाँ हे तांब्या-पितळेच्या कारागिरीसाठी मध्ययुगापासून प्रसिद्ध. वडील शार्ल-जोसेफ हे वाद्ये बनवीत असत. लहानपणी अडॉल्फवर इतके अपघात ओढवले, की हे मूल जगणार नाही अशीच शेजाऱ्यांची समजूत झाली होती, असे सांगतात. पुढे कुटुंब ब्रुसेल्सला आले. तेथे त्याने बासरी आणि क्लॅरिनेट वादनाचे रीतसर शिक्षण घेतले. वादक आणि कारागीर हे दोन्ही गुण एकाच माणसात असणे दुर्मीळच. 1838 मध्ये त्याने बास क्लॅरिनेटमध्ये केलेल्या सुधारणेचे पेटंट मिळविले.

वाद्यवृंदातील एक उणीव त्याला जाणवत होती. तंतुवाद्यांचा आवाज लवचिक, पण मोकळ्या जागेत तो विरून जाई. पितळी वाद्ये बुलंद, पण सौम्य स्वरांत मिसळून जाण्यास अवघड. या दोहोंना सांधणारे वाद्य त्याला हवे होते. त्याने पितळेची, मुखाकडून टोकाकडे रुंदावत जाणारी शंक्वाकार नळी घेतली आणि तिला क्लॅरिनेटसारखे, एकाच वेताच्या पत्तीचे मुख जोडले. शरीर धातूचे असूनही या पत्तीमुळे सॅक्सोफोनची गणना सुषिर काष्ठवाद्यांत होते, हे अनेकांना ठाऊक नसते.

1842 मध्ये सॅक्स पॅरिसला गेला. संगीतकार बर्लिओझने त्याच वर्षी वृत्तपत्रातून या नव्या वाद्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली. 1844 मध्ये कास्टनरच्या एका संगीतिकेच्या वाद्यवृंदात ते प्रथम वाजले. 28 जून 1846 रोजी सॅक्सला पेटंट मिळाले. त्याने वाद्याची दोन कुटुंबे योजली होती, एक वाद्यवृंदासाठी आणि दुसरे लष्करी बँडसाठी. बँडचे कुटुंब फोफावले. वाद्यवृंदासाठीचे मात्र पुढे जवळजवळ लोप पावले. खुद्द बर्लिओझनेही आपल्या मोठ्या रचनांमध्ये सॅक्सोफोन योजला नाही. स्तुती करणे सोपे, वादक मिळविणे कठीण!

लष्कराने मात्र त्याला आधार दिला. 22 एप्रिल 1845 रोजी पॅरिसच्या शाँ-द-मार्स मैदानावर जुन्या पद्धतीचा बँड आणि सॅक्सच्या वाद्यांचा बँड यांची जाहीर चुरस झाली. श्रोत्यांनी कौल सॅक्सला दिला आणि त्याच वर्षी फ्रेंच लष्करी बँडांत त्याच्या वाद्यांना स्थान मिळाले. हे यश प्रतिस्पर्धी कारखानदारांना सहन झाले नाही. त्याची पेटंट रद्द व्हावीत म्हणून त्यांनी खटल्यांमागून खटले भरले. न्यायालयांच्या पायऱ्या झिजविण्यातच सॅक्सचा पैसा आणि उमेद खर्ची पडली. 1852 मध्ये त्याचे दिवाळे निघाले. त्याच दशकात ओठाच्या कर्करोगाने तो ग्रासला. वादकावर याहून क्रूर आघात कोणता? त्यातून तो बरा झाला.

1857 मध्ये पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत सैनिक विद्यार्थ्यांसाठी सॅक्सोफोनचा वर्ग सुरू होऊन सॅक्स त्याचा शिक्षक झाला. 1866 मध्ये पेटंटची मुदत संपली आणि इतर कारखाने तेच वाद्य बनवू लागले. 1870 च्या युद्धकाळात तो वर्गही बंद पडला. प्रशिक्षित वादकच तयार होत नाहीत, तर संगीतकार त्या वाद्यासाठी लिहिणार कसे? वाद्यवृंदात सॅक्सोफोन पाहुणाच राहिला, त्यामागे हे एक मोठे कारण होते. 1872 मध्ये बिझेने 'लार्लेझिएन' नाटकाच्या संगीतात त्याचा सुरेख उपयोग केला, पण असे प्रसंग विरळाच.

सॅक्सचे 1873 आणि 1877 मध्ये पुन्हा दिवाळे निघाले. त्याने जमविलेल्या शेकडो वाद्यांचा संग्रह लिलावात गेला. 7 फेब्रुवारी 1894 रोजी पॅरिसमध्ये विपन्नावस्थेत त्याचे निधन झाले. मोंमार्त्र येथील दफनभूमीत तो विसावला आहे. याच माणसाचे चित्र बेल्जियमने 1995 मध्ये आपल्या दोनशे फ्रँकच्या नोटेवर छापले.

त्याच्या मृत्यूनंतर रिचर्ड स्ट्राउसने 'सिंफोनिया डोमेस्टिका'मध्ये चार सॅक्सोफोन योजले. रॅव्हेलने 1922 मध्ये मुसोर्गस्कीच्या 'चित्रप्रदर्शना'तील जुन्या किल्ल्याची उदास धून सॅक्सोफोनकडे सोपविली आणि 1928 च्या 'बोलेरो'तही त्याला बोलावले. पॅरिसमधील बंद पडलेला वर्ग 1942 मध्ये मार्सेल म्यूल यांच्याकडे सोपवून पुन्हा उघडण्यात आला.