दिखाव्याची शिडी ओळखणारा शेतकऱ्याचा मुलगा : थॉर्स्टीन व्हेब्लेन

३ ऑगस्ट हा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांचा स्मृतिदिन. आपल्याकडे हे नाव अर्थशास्त्राच्या वर्गाबाहेर फारसे ऐकू येत नाही. परंतु गरज नसताना माणूस महागडी वस्तू का घेतो, गरीब श्रीमंताची नक्कल का करतो आणि हाताने काम करणाऱ्याला समाज कमी का लेखतो, हे तीन प्रश्न एकत्र बांधून त्यांचे उत्तर शोधणारा हा विचारवंत होता. जातिव्यवस्थेचे चटके सोसलेल्या समाजाला हे प्रश्न परके नाहीत. म्हणूनच त्यांचे जीवन समजून घेतले पाहिजे.

व्हेब्लेन यांचा जन्म ३० जुलै १८५७ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात झाला. त्यांचे आईवडील थॉमस आणि कारी १८४७ मध्ये नॉर्वेहून आले होते. घरात बारा भावंडे. १८६५ मध्ये हे कुटुंब मिनेसोटा राज्यात शेतीसाठी गेले. वडील शेतकरी आणि कसबी सुतार. राहते घर त्यांनी स्वतःच्या हातांनी उभे केले. घरात नॉर्वेजियन भाषा बोलली जाई. पिकवणारा शेतावर राबतो आणि भाव मात्र शहरातला व्यापारी ठरवतो, हे चित्र त्यांनी लहानपणापासून पाहिले. उत्पादन करणारा वेगळा आणि नफा कमावणारा वेगळा, हा भेद पुढे त्यांच्या साऱ्या लेखनाचा कणा बनला.

आईवडिलांनी मुलांना, मुलींनाही, शिकवले. व्हेब्लेन वयाच्या सतराव्या वर्षी नॉर्थफील्ड येथील कार्लटन कॉलेजात दाखल झाले आणि १८८० मध्ये पदवीधर झाले. १८८४ मध्ये येल विद्यापीठाने त्यांना तत्त्वज्ञानातील पीएचडी दिली. पण नोकरी मिळाली नाही. त्या काळी तत्त्वज्ञान शिकवण्याच्या जागांवर धर्मशिक्षण घेतलेल्यांचीच वर्णी लागत असे आणि व्हेब्लेन धर्म न मानणारे, त्यात स्थलांतरित शेतकऱ्याचे पोर. डॉक्टरेट घेतलेला हा तरुण शेतावर परतला आणि जवळपास सात वर्षे वाचत बसून राहिला. १८९१ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, तो कॉर्नेल विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी झाला. पुढच्याच वर्षी त्याला शिकागो विद्यापीठात काम मिळाले. हे नवे विद्यापीठ तेलसम्राट रॉकफेलर यांच्या पैशावर उभे राहिले होते.

तो काळ अमेरिकन भांडवलशाहीच्या भरभराटीचा होता. रेल्वे, पोलाद आणि तेल यांतून अफाट संपत्ती मूठभर घराण्यांकडे जमा झाली होती. न्यूपोर्ट येथे व्हँडरबिल्ट घराण्याने १८९५ मध्ये सत्तर खोल्यांचा उन्हाळी बंगला पुरा केला आणि त्याला म्हटले जाई 'कॉटेज', म्हणजे झोपडीवजा घर! गरज आणि खर्च यांचा संबंध पूर्ण तुटला होता. तत्कालीन अर्थशास्त्र मात्र सांगत होते की माणूस हिशेबी असतो, वस्तूचा उपयोग आणि किंमत तोलून खरेदी करतो.

व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये 'द थिअरी ऑफ द लेझर क्लास' या ग्रंथातून या समजुतीला धक्का दिला. लेझर क्लास म्हणजे श्रम न करता जगणारा, शुद्ध मराठीत ऐतखाऊ वर्ग. त्यांची मांडणी अशी : ज्या समाजात दुसऱ्याच्या श्रमावर जगणे हीच प्रतिष्ठा ठरते, तिथे उपयुक्त काम करणे हा कमीपणा होतो. मग आपल्याला काम करावे लागत नाही, हे जगाला दाखवावे लागते. त्यासाठी वेळ उघडपणे वाया घालवायचा आणि पैसाही उघडपणे वाया घालवायचा. याला त्यांनी दिखाऊ उपभोग म्हटले. हाताने घडवलेला चांदीचा चमचा आणि यंत्रावर बनलेला स्वस्त चमचा यांचे उदाहरण त्यांनी दिले. दोन्ही चमच्यांनी जेवता सारखेच येते. तरीही महाग चमचा आपल्याला सुंदर वाटतो, कारण किंमत आपल्या डोळ्यांतच शिरलेली असते. श्रीमंताघरच्या स्त्रीचा जखडणारा पोशाखही असाच. ती काम करू शकत नाही, हे दाखवून ती नवऱ्याच्या संपत्तीची जाहिरात बनते.

खरा मुद्दा यापुढे आहे. वरच्या वर्गाची जीवनपद्धती हेच साऱ्या समाजाचे माप बनते. प्रत्येक पायरीवरचा माणूस वरच्या पायरीची नक्कल करतो आणि खालच्यापासून वेगळे दिसण्यासाठी खर्च करतो. त्यामुळे शिडी मोडावी असे कोणाला वाटत नाही, प्रत्येकाला फक्त एक पायरी चढायची असते. आणि जो अगदी तळाशी आहे, त्याची सारी शक्ती रोजच्या पोटापाण्यात संपते. व्यवस्थेचा विचार करायला त्याच्याजवळ त्राण उरत नाही. पोलीस किंवा सैन्य न वापरता विषमता कशी टिकते, याचे हे उत्तर होते. पुढे संस्कृती आणि उपभोग यांचा अभ्यास करणाऱ्यांना व्हेब्लेन टाळता आले नाहीत. अडोर्नो यांनी त्यांच्यावर टीका केली, तर बोर्दिय यांनी अभिरुचीतून वर्ग कसे वेगळे राखले जातात हे १९७९ मध्ये नव्याने मांडले.

इथे बाबासाहेबांची आठवण होणे स्वाभाविक आहे. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू जॉन ड्युई हे त्याआधी, १८९४ ते १९०४ या काळात, शिकागोत व्हेब्लेन यांच्याच विद्यापीठात होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात वाचलेल्या जातीविषयक निबंधात बाबासाहेबांनी गॅब्रिएल टार्द यांच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतला आणि ब्राह्मणांनी दार बंद केल्यावर इतरांनी त्यांची नक्कल करत जाती कशा घडवल्या, हे दाखवले. पण भारतात नकलेलाही परवानगी लागत होती. 'जातिप्रथेचे निर्मूलन' या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी चकवाडा गावची घटना नोंदवली आहे. अस्पृश्यांनी पंगतीत तूप वाढले म्हणून सवर्णांनी लाठ्या घेऊन हल्ला केला. तूप त्यांनी स्वतःच्या पैशाने आणले होते. गुन्हा एवढाच, की त्यांनी दुसऱ्यांच्या दर्जाची खूण ताटात घेतली. काही पदार्थ खालच्या वर्गाला निषिद्ध असणे ही वर्चस्वाची जुनी रीत असल्याचे व्हेब्लेन यांनीही लिहिले होते.

व्हेब्लेन यांना स्वतःला स्थैर्य लाभले नाही. वैवाहिक जीवनातील वादंगामुळे १९०६ मध्ये शिकागो आणि १९०९ मध्ये स्टॅनफर्ड सोडावे लागले. १९११ ते १९१८ ते मिसूरी विद्यापीठात होते. ते पुटपुटत शिकवत, हजेरीची फिकीर करत नसत. १९१८ मध्ये त्यांनी विद्यापीठे व्यापाऱ्यांच्या ताब्यात कशी जातात यावर ग्रंथ लिहिला. १९१९ मध्ये न्यूयॉर्कला न्यू स्कूल स्थापन झाले, तेव्हा ड्युई यांच्यासह ते तिथे होते. १९२३ च्या ग्रंथात त्यांनी जाहिरातबाजीची तुलना थेट धर्मप्रचाराशी केली : दोन्हीकडे आधी भीती आणि अपेक्षा विकली जाते, माल नंतर.

अखेरची वर्षे त्यांनी कॅलिफोर्नियात एका साध्या घरात काढली. ३ ऑगस्ट १९२९ रोजी त्यांचे निधन झाले आणि तीन महिन्यांच्या आत, ऑक्टोबरमध्ये, अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. आपल्या मागे कोणताही विधी, समाधी, पुतळा किंवा चरित्र नको, असे त्यांनी लिहून ठेवले होते. त्यांची राख पॅसिफिक महासागरात सोडण्यात आली. आयुष्यभर दिखाव्यावर लिहिणाऱ्याने मरणातही दिखावा टाळला.

आपल्या वाडवडिलांनी चांगले कपडे, धातूची भांडी, तूप यांसाठी मार खाल्ला. तो लढा चैनीचा नव्हता, माणूसपणाचा होता आणि तो हक्क आपण सोडायचा नाही. मात्र आज कर्ज काढून लग्नाचा मंडप सजवताना एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा : हा खर्च आपण आपल्या आनंदासाठी करतो आहोत, की ज्यांनी कधी आपल्या ताटातले तूप सांडले त्यांच्याच मापाने आपली उंची मोजतो आहोत?