गॅलिलिओ गॅलिली : शास्त्रज्ञ आणि श्रद्धावंत

कॉलेजात जाणारी आपली मुलेमुली कधी ना कधी घरी येऊन विचारतात की, ख्रिस्तसभेने गॅलिलिओला शिक्षा केली होती हे खरे का? काहींची तर समजूत असते की त्यांना जिवंत जाळले. अशा वेळी आपण बहुधा विषय बदलतो. तसे करण्याचे कारण नाही. जाळले हे खोटे आहे, शिक्षा केली हे खरे आहे. आणि ज्यांना शिक्षा झाली ते शेवटपर्यंत आपल्याच ख्रिस्तसभेचे श्रद्धावंत राहिले, हेही तितकेच खरे आहे.

गॅलिलिओ यांचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतील पिसा शहरात झाला. वडील विन्चेन्झो हे संगीतकार. मुलाचे काही शिक्षण वालोंब्रोझा येथील मठात झाले. मुलाने डॉक्टर व्हावे ही वडिलांची इच्छा होती, परंतु गॅलिलिओंचे मन गणितात रमले आणि १५८५ साली पदवी न घेताच त्यांनी विद्यापीठ सोडले. पुढे ते पिसा येथे व १५९२ पासून पादुआ येथे गणिताचे प्राध्यापक झाले. पादुआला मरिना गांबा या स्त्रीपासून त्यांना दोन मुली व एक मुलगा झाला. विवाह मात्र झाला नव्हता. अशा मुलींची लग्ने जुळणे त्या काळी कठीण, म्हणून त्यांनी दोघींना कोवळ्या वयातच फ्लॉरेन्सजवळील आर्चेत्री येथे संत क्लारा यांच्या संघाच्या मठात ठेवले. आज आपल्याला हे पटणार नाही. त्यांतली थोरली व्हर्जिनिया, म्हणजेच सिस्टर मारिया चेलेस्ते, हिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

१६०९ साली, हॉलंडमध्ये दूरचे जवळ दाखवणारी नळी तयार झाल्याची बातमी त्यांच्या कानी आली. त्यांनी स्वतः भिंगे घासून तिच्याहून चांगली दुर्बीण बनवली आणि आकाशाकडे रोखली. चंद्रावर डोंगर व दऱ्या दिसल्या. जानेवारी १६१० मध्ये गुरू ग्रहाभोवती फिरणारे चार चंद्र दिसले. आज शाळेतले पोरही हे सांगेल, परंतु त्या काळी आकाशातील सारे काही पृथ्वीभोवतीच फिरते असे मानले जाई. पृथ्वीच सूर्याभोवती फिरते, असे पोलंडचे कोपर्निकस यांनी १५४३ साली छापलेल्या ग्रंथात मांडले होते. ते स्वतः कॅथेड्रलचे कॅनन होते, हे सहसा कोणी सांगत नाही. आणखी एक गोष्ट सांगितली जात नाही : १६११ साली गॅलिलिओ रोमला गेले, तेव्हा येशूसंघीय धर्मगुरूंनी त्यांची निरीक्षणे तपासून खरी ठरवली आणि त्यांचा सत्कार केला. त्यांचे प्रमुख होते फादर क्लाव्हियस. आज आपण जे कॅलेंडर भिंतीवर लावतो, त्याच्या १५८२ च्या सुधारणेत त्यांचा मोठा हात होता.

मग बिघडले कोठे? जुन्या करारात यहोशवाने सूर्याला थांबण्याची आज्ञा केल्याचे आपण वाचतो. सूर्य फिरतच नसेल तर थांबला कसा, असा प्रश्न उभा राहिला. गॅलिलिओंनी १६१३ मध्ये आपले शिष्य, बेनेडिक्टाईन मठवासी कास्तेल्ली यांना, आणि १६१५ मध्ये राजमाता क्रिस्तिना यांना पत्रे लिहून उत्तर दिले. त्यांचे म्हणणे असे की पवित्र शास्त्र आणि सृष्टी दोन्ही एकाच परमेश्वरापासून आलेली आहेत, त्यामुळे त्यांत विरोध असू शकत नाही. विरोध वाटला तर आपण वचनाचा अर्थ लावण्यात चुकलो आहोत. पवित्र शास्त्र आपल्या तारणासाठी दिले आहे, ग्रहगणित शिकवण्यासाठी नाही. यासाठी त्यांनी संत ऑगस्टीन यांचा आधार घेतला होता.

कार्डिनल बेलार्मिन (आता संत) यांचीही बाजू ऐकली पाहिजे. पृथ्वी फिरते याचा पक्का पुरावा मिळाला तर वचनांचा अर्थ नव्याने लावावा लागेल, हे त्यांना मान्य होते. मात्र तो पुरावा कोणी दाखवलेला नव्हता. गॅलिलिओंचा सर्वात आवडता पुरावा भरती-ओहोटीचा होता आणि तो चुकीचा निघाला. पृथ्वी फिरत असल्याने ताऱ्यांच्या जागेत दिसणारा सूक्ष्म फरक १८३८ साली मोजता आला. म्हणजे पुराव्यापुरती बेलार्मिन यांची सावधगिरी बरोबर होती, आणि पवित्र शास्त्र कसे वाचावे याबाबत गॅलिलिओ बरोबर होते. १६१६ साली कोपर्निकस यांच्या ग्रंथावर, दुरुस्ती होईपर्यंत, बंदी आली आणि गॅलिलिओंना ताकीद मिळाली. (त्याच १६१६ साली गोव्यात राशोल येथे फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापले गेले. किती वेगवेगळ्या गोष्टी एकाच वर्षात!)

१६२३ साली गॅलिलिओंचे चाहते कार्डिनल बार्बेरिनी पोप आठवे अर्बन झाले, आणि गॅलिलिओंना हुरूप आला. १६३२ साली त्यांनी विश्वाच्या दोन रचनांविषयी संवादरूपात ग्रंथ काढला. तोही लॅटिनमध्ये नव्हे, सामान्यांना समजेल अशा इटालियनमध्ये. त्यात पोपमहोदयांचा आवडता मुद्दा त्यांनी सिम्प्लिचियो नावाच्या, सतत हरणाऱ्या पात्राच्या तोंडी घातला. गॅलिलिओंची जीभ तिखट होती आणि ती त्यांना भोवली. २२ जून १६३३ रोजी, ६९ वर्षांच्या या म्हाताऱ्या माणसाने रोममध्ये गुडघे टेकून आपले मत सोडल्याचे वाचून दाखवले. दहा न्यायाधीश कार्डिनलांपैकी तिघांच्या सह्या निकालावर नाहीत. पुढे मरेपर्यंत त्यांना घरातच नजरकैदेत राहावे लागले.

याचे दुष्परिणाम दूरवर गेले. फ्रान्सचे कॅथलिक विचारवंत देकार्त यांनी ही बातमी ऐकून आपला विश्वरचनेवरील तयार ग्रंथ बाजूला ठेवला. शिकलेल्या लोकांच्या मनात हळूहळू अढी बसली की विज्ञान एकीकडे आणि श्रद्धा दुसरीकडे. दुर्बिणीने ही अढी निर्माण केली नव्हती, ती त्या निकालाने केली, असे आम्हांला वाटते. आपल्या मुलांच्या प्रश्नात तीच अढी अजून आहे.

शिक्षेचा एक भाग म्हणून गॅलिलिओंनी तीन वर्षे दर आठवड्याला प्रायश्चित्ताची सात स्तोत्रे म्हणायची होती. सिस्टर मारिया चेलेस्ते हिने परवानगी मिळवून ते काम स्वतःकडे घेतले. मठात अन्नाची तंगी, प्रकृती नाजूक. तरीही वडील रोममध्ये असताना त्यांच्या घराची देखरेखही तिनेच केली. तिची १२४ पत्रे आज उपलब्ध आहेत. वडिलांची उत्तरे मात्र हरवली. गॅलिलिओ डिसेंबर १६३३ मध्ये आर्चेत्रीच्या घरी परतले आणि पुढच्या २ एप्रिलला, वयाच्या ३३ व्या वर्षी, ती देवाघरी गेली. दुःखाने खचलेल्या या माणसाने तरीही गतिशास्त्राचा आपला सर्वात मोठा ग्रंथ पुरा केला. तो १६३८ साली हॉलंडमधील लायडन येथे छापावा लागला. तोवर त्यांची दृष्टी गेली होती. ८ जानेवारी १६४२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचा संवादग्रंथ १८३५ साली निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून गळला. पवित्र शास्त्र निसर्गविज्ञान शिकवण्यासाठी नाही, हे पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली आपल्या परिपत्रकात शिकवले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ साली या प्रकरणाचा पुन्हा अभ्यास करण्यास सांगितले आणि ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी त्या वेळच्या धर्मपंडितांची चूक उघडपणे मान्य केली.

निधनानंतर गॅलिलिओंना स्मारक नाकारले गेले होते. फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये एका बाजूच्या लहान खोलीत त्यांना पुरले होते. १७३७ साली अवशेष मुख्य चर्चमध्ये हलवण्यासाठी थडगे उघडले, तेव्हा आत एका स्त्रीचेही अवशेष सापडले. ते सिस्टर मारिया चेलेस्ते हिचेच असावेत असे मानतात. ते वडिलांबरोबरच नव्या थडग्यात ठेवण्यात आले.