सेवाव्रती संत गाडगे महाराज

कर्मयोगी संत श्री गाडगे महाराज यांचा जन्म दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. बालपणीच पितृछत्र हरपल्याने दापुरे येथे मामांच्या घरी गुरे राखीत व शेतात राबत ते वाढले. शाळेची पायरी त्यांना चढता आली नाही.

सन १९०५ मध्ये त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि जवळ मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा संसार. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कोणत्याही गावात पाऊल ठेवताच, कोणाला न सांगता, ते रस्ते झाडू लागत. ते पाहून गावकरीही खराटे घेऊन पुढे येत. सायंकाळी स्वच्छ झालेल्या त्याच जागी महाराजांचे कीर्तन होई. व्यसन, कर्ज, पशुबळी व अस्पृश्यता यांपासून दूर राहण्याचा आणि मुलांना शिकविण्याचा उपदेश ते करीत.

पंढरीच्या वारीत लाखो भाविक विठुरायाच्या दर्शनास जात, तेव्हा महाराज वाटा झाडण्यात मग्न असत. वारकऱ्यांची सेवा हीच त्यांची पूजा होती. लोकांनी दिलेल्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू आदी तीर्थक्षेत्री धर्मशाळा उभ्या राहिल्या. परंतु त्यांतील एक पैही त्यांनी स्वतःसाठी वा कुटुंबीयांसाठी घेतली नाही. अस्पृश्य गणल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी पंढरपूर येथे उभारलेली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी सन १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या शिक्षणसंस्थेस अर्पण केली.

दि. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असता वलगावनजीक महाराजांनी देह ठेवला. अमरावती येथे त्यांची समाधी आहे. महाराष्ट्र शासनाने सन २००० मध्ये सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचेच नाव दिले. या अभियानात गावोगावचे ग्रामस्थ श्रमदानासाठी एकत्र आले.

दानाइतकेच श्रमदानही ईश्वरास प्रिय आहे, हाच या चरित्राचा बोध होय. तीर्थक्षेत्री आलेल्या प्रत्येक भाविकाने घटकाभर तरी परिसर झाडावा, वृद्ध यात्रेकरूस आधार द्यावा, तहानलेल्यास पाणी द्यावे. परतल्यावर आपल्या गावातही ही सेवा अखंड चालू ठेवावी. तीच महाराजांच्या चरणी खरी पुष्पांजली ठरेल.