स्वेआबोर्गचा किल्लेदार

फितुरीचा डाग एकदा नावाला लागला की माणसाचे आधीचे सारे कर्तृत्व झाकोळून जाते. स्वीडनचा आरमारी सेनानी कार्ल ओलोफ क्रोनस्टेट याच्या वाट्याला हेच आले.

त्याचा जन्म १७५६ सालचा. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्यात होते. तरुणपणी त्याने ब्रिटिश आरमारात काही काळ अनुभव घेतला. जुलै १७९० मध्ये स्वेन्स्कसुंड येथे रशियन आरमाराशी झालेल्या लढाईत, राजा तिसरा गुस्ताव याच्या हाताखाली, प्रत्यक्ष सूत्रे हलवणारा क्रोनस्टेटच होता. रशियाची पन्नासाहून अधिक जहाजे गेली. स्वीडनचा हा सर्वांत मोठा आरमारी विजय!

पुढे नव्या राजाची मर्जी फिरली. १८०१ साली क्रोनस्टेटची रवानगी हेलसिंकीसमोरच्या बेटांवर, स्वेआबोर्ग किल्ल्यावर झाली. शिबंदी ६,००० हून अधिक, तोफा सुमारे ७००. किल्ला अजिंक्य समजला जाई.

फेब्रुवारी १८०८ मध्ये रशियाने फिनलंडवर स्वारी केली आणि मार्चमध्ये किल्ल्याला वेढा पडला. समुद्र गोठल्यामुळे पाण्याचा आडोसा उरला नव्हता. तरीही तोफांच्या माऱ्याने तटाची फारशी हानी झाली नाही. मग रशियन सेनापती सुख्तेलेन याने बोलणी लावली. ६ एप्रिलला करार झाला: ३ मेच्या दुपारपर्यंत पाच मोठी युद्धनौका मदतीस न आल्यास किल्ला खाली करावयाचा. बर्फ वितळल्यावाचून नौका येणे अशक्य. त्यात स्टॉकहोमला निघालेले जासूद रशियनांनी वाटेत रखडवले. ठरल्या दिवशी किल्ला, तोफा आणि सुमारे १०० लहान युद्धनौका शत्रूच्या हाती पडल्या.

स्वीडनने क्रोनस्टेटला त्याच्या गैरहजेरीत देहदंड ठोठावला. १८०९ च्या तहाने फिनलंड रशियाकडे गेले. रशियाच्या निवृत्तिवेतनावर हेलसिंकीजवळ राहून तो १८२० साली वारला. रुनेबर्ग या कवीने पुढे त्याला देशद्रोही म्हणून काव्यात अजरामर केले.

लाच घेतल्याचा निर्णायक पुरावा मात्र कधीच सापडला नाही. किल्ल्यात बायकामुले होती, दारूगोळा पुरणार नाही ही धास्ती होती, सुटकेची आशा मावळली होती. आपण त्याला फितूर म्हणण्याची घाई करू नये. पण त्याला निर्दोषही ठरवता येत नाही. कारण बर्फ वितळायला थोडेच आठवडे उरले होते आणि तट अजून उभे होते. ते आजही उभे आहेत. खचले होते ते किल्लेदाराचे मन.