विनोबांचे वडील : नरहरपंत भावे

११ सप्टेंबर १८९५ रोजी आपल्या गागोद्यात भाव्यांच्या घरी विनायकाचा जन्म झाला, हे आपल्याकडच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. विनोबांविषयी बोलायला उभा राहिलेला वक्ता त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाईंची आठवण काढल्यावाचून सहसा खाली बसत नाही, आणि ते योग्यच आहे. विनोबांनी स्वतःच आपले सारे श्रेय आईला दिले. परंतु त्या घराचा संसार ज्यांनी कष्टाने उभा केला, त्या नरहरपंतांबद्दल मात्र दोन शब्दही कोणी बोलत नाही. तेव्हा भगिनींनो, या स्मरणिकेच्या निमित्ताने ते दोन शब्द लिहीत आहे.

घरात वडील माणूस म्हणजे आजोबा शंभुराव. मोठे धर्मशील आणि व्रतस्थ. नरहरपंतांचा पिंड मात्र निराळा होता. नव्या शास्त्राची त्यांना विलक्षण ओढ. त्यांनी कापड रंगविण्याची विद्या हस्तगत केली आणि नोकरीसाठी बडोदे गाठले. बायकामुले सुरुवातीला इकडे, सासूसासऱ्यांच्या छायेत. त्या काळी पेणला रेल्वे नव्हती, त्यामुळे बडोद्याहून गागोद्याला येणे ही सहज गोष्ट नव्हती. कर्ता पुरुष परगावी आणि घरी त्याची वाट पाहणारी मुले, हे चित्र आपल्या भागातल्या घरांना नवे नाही. मुंबईच्या चाकरमान्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या घरोघर दाखविले आहे.

एका दिवाळीला वडील येणार म्हणून विनू हरखून गेला होता. बडोद्याची मिठाई मिळणार, अशी आईनेही त्याला आशा लावलेली. वडील आले आणि त्यांनी मुलाच्या हाती एक चौकोनी पुडके दिले. पेढेबर्फी अशी चपटी कशी, या विचारात त्याने ते सोडले, तो आत दोन पुस्तके! मुलांसाठी लिहिलेले रामायण आणि महाभारत. मुलगा ती घेऊन आईकडे गेला, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. वडिलांनी आणलेल्या या खाऊहून गोड खाऊ दुसरा नाही, असे तिने त्याला समजावले. तो खाऊ पुढे जन्मभर पुरला.

विनू नऊदहा वर्षांचा झाल्यावर सारे कुटुंब बडोद्यास गेले. तिथे नरहरपंतांनी घराचीच प्रयोगशाळा करून टाकली. कापडाच्या लहानलहान चिंध्या नाना रंगांत बुडवायच्या, मग त्यांतला कोणता रंग उन्हात विटतो आणि कोणता गरम पाण्यात उतरतो, ते बारकाईने पाहायचे. घरभर या रंगीत पट्ट्या. रुक्मिणीबाई एकदा म्हणाल्या, एवढ्या चिंध्या रंगविल्या, त्यापेक्षा माझे एखादे लुगडे तरी रंगवून झाले असते. त्यावर नरहरपंतांचे उत्तर असे की, प्रयोग साधला म्हणजे लुगडी हवी तेवढी होतील, तोवर चिंध्यांवरच भागवले पाहिजे. शास्त्रज्ञाचा संसार करणे सोपे नसते, हे आपण बायकांनीच ओळखावे!

नवराबायकोचे स्वभाव कसे वेगळे होते, हे तांदळाच्या गोष्टीत फार छान दिसते. रुक्मिणीबाईंनी देवाला लाख तांदूळ वाहण्याचे व्रत धरले होते. रोज एकेक दाणा मोजून वाहायच्या. नरहरपंतांनी हिशेब सुचविला. तोळाभर तांदूळ घे, त्यातले दाणे मोज आणि त्यावरून लाखाला किती तोळे लागतील ते काढ. हवे तर वर थोडे अधिक घाल, म्हणजे उणे पडायला नको. बाईंना उत्तर सुचेना. संध्याकाळी त्यांनी विनूला विचारले. तो म्हणाला, हे गणित नव्हे, प्रत्येक दाण्याबरोबर देवाचे स्मरण होते, म्हणून मोजायचे. आईचे समाधान झाले आणि मोजणे चालू राहिले. ही गोष्ट सांगताना लोक नरहरपंतांना हसतात. मला मात्र वाटते, बायकोचे श्रम वाचावेत म्हणून डोके चालविणारा नवरा काही वाईट नव्हे.

ते कडक होते, हेही सांगितले पाहिजे. मुलाला मार बसे, आणि तोही हाडाला इजा होणार नाही अशा शास्त्रशुद्ध रीतीने. एके दिवशी मार चुकला. आज राहिला तो उद्या मिळेल, असे विनायकाला वाटले, पण पुढे तो कधीच मिळाला नाही. मुलगा सोळाव्या वर्षात गेला की त्याला मित्रासारखे वागवावे, हे वचन नरहरपंतांनी त्या दिवसापासून अक्षरशः पाळले होते.

मुलाने खूप शिकावे ही त्यांची इच्छा. शाळेत फ्रेंच घे म्हणून त्यांनी सांगितले. ब्राह्मणाच्या मुलाने संस्कृत शिकू नये काय, असा आईचा प्रश्न. मुलाने शाळेत फ्रेंच घेतले आणि संस्कृत पुढे आपले आपण केले. पण १९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईस निघालेला हा मुलगा सुरतेलाच गाडीतून उतरला आणि काशीला गेला. आज ना उद्या परत येईल, असे वडिलांना वाटे. तो येणार नाही, हे आईने ओळखले होते. शेजारणी टोचून बोलत, तेव्हा आपला विन्या काही नाटक कंपनीत गेलेला नाही, असे ती बजावी. त्याच वर्षी गांधीजींनी आश्रमातून नरहरपंतांना पत्र लिहून मुलगा आपल्याजवळ असल्याचे कळविले आणि त्याची थोरवी वर्णिली. त्या कागदाने बापाच्या मनाचे काय झाले असेल, याचा अंदाज मुलगा गमावलेल्या आणि गमावूनही त्याचा अभिमान वाटणाऱ्या माणसालाच येईल.

१९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली. नरहरपंत, रुक्मिणीबाई आणि धाकटा दत्तात्रय, तिघेही अंथरुणाला खिळले. विनोबा धावत आले. वडील वाचले, आई आणि दत्तू गेले. क्रियाकर्म ब्राह्मणाकडूनच व्हावे, तिलाही तेच आवडले असते, असे वडिलांचे म्हणणे. विनोबांना ते पटेना. ते स्मशानात गेले नाहीत, घरीच स्नान करून वेदपठण करीत बसले. बायकोच्या चितेपाशी थोरला मुलगा नाही आणि तरी त्याच्यावर राग धरायचा नाही, ही केवढी परीक्षा!

पुढे बाळकृष्ण आणि शिवाजी हेही थोरल्या भावाच्या वाटेने गेले. तिघेही ब्रह्मचारी राहिले. ज्याने संसार जिवापाड जपला, त्याच्या घरात सुना आल्या नाहीत, पाळणा हलला नाही. मुलांना अडवावे, शपथ घालावी, आजारपणाचे निमित्त काढावे, हे बापांचे नेहमीचे उपाय. नरहरपंतांनी त्यांतला एकही केला नाही, याचे मला फार मोल वाटते. बडोद्यात ते जवळजवळ तीस वर्षे एकटे राहिले. रंगांचे आणि आहाराचे प्रयोग चालूच होते. उतारवयात त्यांनी एका मुसलमान उस्तादांकडे संगीताचे शिक्षण घेतले आणि मृदंग व ठुमरी यांवरची दोन पुस्तके पदरमोड करून छापली. विद्या माणसाबरोबर लोपू नये, हाच ध्यास.

अखेरच्या दिवसांत ते धाकट्या मुलाजवळ, शिवाजीरावांकडे, धुळ्यास होते. तिथेच १९४७ साली त्यांचे देहावसान झाले. अस्थी नाशिकला गोदावरीत सोडाव्यात, असे काहींचे मत पडले. विनोबांनी ते मानले नाही. हाडे मातीची आहेत, त्यांवर पाण्याचा काय हक्क, असा त्यांचा विचार. घराच्या अंगणातच खड्डा खणला, त्यात रक्षा ठेवून माती लोटली आणि वर तुळस लावली.