विश्लेषण : जेआरडी टाटांची बिनमडगार्डची बुगाटी... जुन्या रेसिंग गाड्यांची संग्राहकांना एवढी भुरळ का पडते?

निगडी ते दापोडी हा जुन्या मुंबई-पुणे रस्त्याचा पट्टा. आज इथे सिग्नल, मेट्रोचे खांब आणि शिफ्ट सुटल्यावर निघालेल्या कंपन्यांच्या बसगाड्या दिसतात. साधारण ९५ वर्षांपूर्वी यातले काहीच नव्हते. मोरया गोसावींमुळे चिंचवड ठाऊक होते आणि पिंपरी हे शेतीचे गाव होते. त्या काळात याच रस्त्याने अधूनमधून एक विचित्र मोटार पुण्याकडे सुसाट जात असे. तिला छप्पर नव्हते, मडगार्डही नव्हते. चालवणारा पंचविशीतला पारशी तरुण होता. त्याचे नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, आणि गाडी बुगाटी.

पुढे हाच तरुण ज्या कंपनीचा अध्यक्ष झाला, त्या टेल्कोने १९६६ मध्ये पिंपरीत कारखान्याचे काम सुरू केले. जेआरडींचे विमानप्रेम शाळेच्या पुस्तकांतही भेटते. त्यांच्या मोटारप्रेमाची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

वेगाचे वेड आले कुठून?

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांचे नातलग आणि व्यवसायातले सहकारी. आई सुझान ब्रिएर फ्रेंच होती, लग्नानंतर ती सूनी झाली. भारतात मोटार चालवणारी पहिली महिला म्हणूनही तिचे नाव घेतले जाते. कुटुंबाचे एक घर उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर हार्दलो इथे होते. तिथले शेजारी होते लुई ब्लेरिओ, म्हणजे १९०९ मध्ये इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारा माणूस! हार्दलोच्या वाळूवर विमाने उतरत आणि हा मुलगा ती पाहत असे. पंधराव्या वर्षी तिथेच तो पहिल्यांदा विमानात बसला.

त्यांना केंब्रिजला जाऊन इंजिनीअरिंग शिकायचे होते. त्याआधी फ्रेंच नागरिक म्हणून वर्षभर सैन्यात सक्तीची सेवा झाली. ती आणखी वाढवावी असे त्यांना वाटत होते, पण वडिलांनी नकार दिला. त्यांची तुकडी नंतर मोरोक्कोच्या मोहिमेत कापली गेली, असे चरित्रकार सांगतात. केंब्रिजही राहूनच गेले. वडिलांनी मुंबईला बोलावले आणि डिसेंबर १९२५ मध्ये ते टाटा कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी वडील गेले. बाविसाव्या वर्षी घराची आणि कंपनीतल्या जागेची जबाबदारी अंगावर आली. देशाच्या उद्योगाला इंजिनिअरांची फौज लावणाऱ्या या माणसाकडे स्वतःची पदवी नव्हती. ही खंत त्यांच्या मनात शेवटपर्यंत होती.

मुंबई-पुणे अडीच तासांत?

याच काळात बुगाटी आली. मुंबईतल्या सर्वांत वेगवान गाड्यांमध्ये तिची गणना होई. मुंबई ते पुणे अंतर त्यांनी तिच्यातून अडीच तासांत कापले आणि तो त्या वेळचा विक्रम मानला गेला.

अडीच तास ऐकून आज कुणी भुवया उंचावणार नाही. पण तेव्हाचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. वाशीचा खाडीपूल १९७३ चा, म्हणजे मुंबईतून निघाल्यावर ठाण्याला वळसा घालूनच पनवेल गाठावे लागे. द्रुतगती मार्ग तर २००२ मध्ये पूर्ण झाला. बोरघाट अरुंद आणि वळणांचा होता, त्यात बैलगाड्यांची वर्दळ. तुलनेसाठी रेल्वे घेऊ. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनला याच दोन शहरांमध्ये पावणेतीन तास लागत. लोहमार्गाचे अंतर १९२ किलोमीटर आहे. रस्ता साधारण तेवढाच धरला, तर जेआरडींचा सरासरी वेग ताशी ७५ किलोमीटरच्या पुढे जातो. ही घाटासकटची सरासरी आहे. सपाटीवर गाडी केवढ्या वेगात असेल, याचा अंदाज करता येतो. त्यात त्या काळच्या बुगाटीचे ब्रेक हायड्रॉलिक नव्हते, ते तारांनी ओढले जात. आज कोणताही अभियंता या सगळ्यावर सही करणार नाही.

हा वेग अंगाशीही आला. गाडी चालवण्यावरून झालेल्या एका प्रकरणात त्यांना वकील गाठावा लागला. नामांकित फौजदारी वकील जॅक विकाजी यांच्याकडे ते गेले आणि तिथे वकिलांची पुतणी थेल्मा भेटली. डिसेंबर १९३० मध्ये दोघांचे लग्न झाले.

बुगाटीत एवढे काय होते?

एत्तोरे बुगाटी हा मिलानमध्ये जन्मलेला कलावंत घराण्यातला माणूस. त्याने अल्सास प्रांतातल्या मोल्सहाइम या छोट्या गावात कारखाना थाटला. १९२४ मध्ये आलेल्या त्याच्या टाइप ३५ ने शर्यतींचे मैदान मारले. सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ शर्यत १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे बुगाटीने जिंकली. चाके ॲल्युमिनियमची ओतीव होती आणि ब्रेकचे ड्रम त्यांच्यातच घडवलेले. पुढे घोड्याच्या नालेच्या आकाराचा रेडिएटर. वजन कमी हाच सारा मंत्र होता.

मडगार्ड नसण्याचा अर्थही इथेच कळतो. तेव्हा स्पोर्ट्स आणि रेसिंग यांच्यात भिंत नव्हती. दिवे आणि मडगार्ड लावले की गाडी रस्त्याची झाली, काढले की शर्यतीची. रविवारी शर्यतीत धावलेली गाडी सोमवारी मालकाला कामावर घेऊन जाई. संग्राहकांना या जातीचे आकर्षण वाटते ते यामुळेच. या गाड्या नुसत्या बघायच्या नव्हत्या, कुणीतरी त्या जीव धोक्यात घालून चालवलेल्या होत्या.

पण संग्राहक कमी परिचित नावांकडे का वळतात?

टाइप ३५ सर्वांनाच हवी असते, म्हणून ती कोट्यधीशांनाही सहज मिळत नाही. मग नजर धाकट्या भावंडांकडे जाते. टाइप ३७ ला जवळपास तसेच अंग, पण आठऐवजी चारच सिलिंडर, आणि अशा गाड्या तीनशेच्याही आतच बनल्या. त्यापलीकडे अमिल्कार, साल्मसन अशी फ्रेंच नावे येतात. ही नावे आज सामान्य वाचकाने ऐकलेली नसतात, पण १९२० च्या दशकात छोट्या इंजिनांच्या शर्यती त्यांनी गाजवल्या होत्या.

दुसरे कारण प्रवेशाचे आहे. इटलीतली मिल्ले मिल्या ही शर्यत १९२७ ते १९५७ या काळात होत असे. आता तिचे रूप जुन्या गाड्यांच्या स्पर्धेचे आहे आणि मूळ शर्यतीत उतरलेल्या मॉडेलांनाच तिथे जागा मिळते. त्यामुळे सियाटा, स्तांगुएल्लिनी, चिसितालिया अशा विस्मरणात गेलेल्या छोट्या इटालियन कारखान्यांच्या गाड्यांना एकदम भाव आला. मूळ शर्यतीत उतरलेले मॉडेल म्हणजे प्रवेशपत्रच. यातल्या अनेक गाड्यांचे काळीज होते फियाट ११०० चे साधे इंजिन. १९४७ च्या मिल्ले मिल्यात ताझिओ नुव्होलारी हा महान चालक असल्याच इंजिनाच्या चिसितालियात बसून दुसरा आला. आपल्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिनही याच वंशातले. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे मिलानच्या लिलावात मिरवणारे चुलतभाऊ आहेत, हे टॅक्सीवाल्यांना कुणी सांगितले नसावे!

तिसरे कारण कागदांचे. चॅसी क्रमांक, इंजिन क्रमांक, पहिल्या मालकाची नोंद आणि शर्यतीतले छायाचित्र जुळले, तर अनोळखी नावाची गाडीही मौल्यवान ठरते. कागद नसतील तर नावाजलेली गाडीही संशयात सापडते, कारण इतक्या साध्या बांधणीच्या गाड्यांची हुबेहूब नक्कल करणे अवघड नाही. गाडी कुणी चालवली, यालाही किंमत असते. म्हणूनच एखाद्या जेआरडींचे नाव नोंदवहीत असणे ही संग्राहकासाठी मोठी गोष्ट.

भारतात ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपातल्या दुचाकी-चारचाकींसाठी २०२१ पासून वेगळी नोंदणी आहे. त्यांच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरे असतात, नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे. पण ही गाडी रोजच्या वापरासाठी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. बुगाटीतून रोज कामावर जाण्याचे दिवस कायद्यानेही संपवले आहेत.

विमानाने गाडीला मागे टाकले...

१० फेब्रुवारी १९२९ रोजी जेआरडींना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले. १९३० मध्ये आगाखान पारितोषिकासाठी भारत आणि इंग्लंडदरम्यान एकट्याने उड्डाण करायचे होते. जेआरडी कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनीअर हा तरुण उलट दिशेने येत होता. इजिप्तमधल्या अबुकीरला दोघे भेटले. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग त्याला दिले. अस्पी थोड्या फरकाने जिंकला आणि पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. वेगाचे वेड असलेल्या माणसाने शर्यत अशी सोडून द्यावी, हा प्रसंग त्यांच्याविषयी बरेच सांगून जातो.

१५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणले आणि भारतीय हवाई वाहतूक सुरू झाली. १९३८ मध्ये, ३४ व्या वर्षी, ते टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. १९५३ मध्ये सरकारने विमान कंपनी ताब्यात घेतली. त्याचा घाव खोल होता, तरी पुढची अनेक वर्षे एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांनीच सांभाळले.

मग पिंपरीत कार का बनली नाही?

टेल्कोची स्थापना १९४५ ची. सुरुवात जमशेदपूरला रेल्वे इंजिनांनी झाली. १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार झाला आणि टाटा-मर्सिडीज ट्रक रस्त्यावर आले. पिंपरी उभी केली सुमंत मुळगावकरांनी. यंत्रे बनवणारी यंत्रे आधी, गाड्या नंतर, असा त्यांचा क्रम होता. आवारात झाडे लावली, तळे केले. पुढे टाटा सुमोला त्यांच्याच नाव-आडनावातली अक्षरे मिळाली. जेआरडींनी त्यांना मोकळीक दिली, हे अध्यक्ष म्हणून त्यांचे मोठे काम. पुण्यातून पहिले व्यावसायिक वाहन १९७७ मध्ये बाहेर पडले.

सगळे ट्रक आणि टेम्पो. परवाना राजच्या त्या दशकांत कार म्हणजे हिंदुस्तान, प्रीमियर आणि स्टँडर्ड, आणि ग्राहकाच्या नशिबी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. देशात मोटारींवर जीव असलेला सर्वांत मोठा उद्योगपती माल वाहणारी वाहने बनवत राहिला. या धोरणाने काय गमावले याची चर्चा अर्थशास्त्रात होते, पण ते समजायला बुगाटीतला तो तरुण आठवला तरी पुरे.

कंपनीची पहिली प्रवासी मोटार, टाटा सिएरा, पिंपरीतून १९९१ मध्ये आली. पिकअपच्या सांगाड्यावरची तीन दारांची डिझेल गाडी. जेआरडी तेव्हा ८७ वर्षांचे होते आणि त्याच वर्षी त्यांनी टाटा सन्सचे अध्यक्षपद सोडले. १९९२ मध्ये भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत त्यांना निरोप देण्यात आला.

दोन वर्षांनी मर्सिडीजने भारतातली आपली पहिली कार टेल्कोच्या पिंपरीतल्या आवारातच जोडली. १९९८ च्या अखेरीस पिंपरीतूनच इंडिका बाजारात आली. त्याच वर्षी फोक्सवागनने बुगाटी हे नाव विकत घेतले. २००९ मध्ये फोक्सवागनचा कारखाना चाकणला सुरू झाला, आणि मर्सिडीजही त्याच वर्षी पिंपरी सोडून चाकणला गेली. बुगाटी मात्र आजही मोल्सहाइमलाच जोडली जाते.